साक्षीदाराची सही: दस्तावर नाव घालण्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे असे

वस्तीत कुणाचे लग्न नोंदवायचे असो, घराचे बक्षीसपत्र करायचे असो, विहारासाठी जागेचा कागद करायचा असो किंवा एखाद्या आजीचे मृत्युपत्र लिहायचे असो, साक्षीदार म्हणून पहिली हाक कार्यकर्त्यालाच येते. "जरा इथे सही करा, साक्षीदार म्हणून" एवढे म्हटले की आपण पेन हातात घेतो. त्या सहीचा अर्थ काय, ती कधी उपयोगी पडते आणि कधी अंगाशी येते, याचा विचार फार थोडे लोक करतात.

आपल्या समाजासाठी हा विषय किरकोळ नाही. आपल्या मागच्या पिढ्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले. त्यांनी कागदावर अंगठे उठवले, पण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कुणी नीट वाचून दाखवले का, हा प्रश्न जमिनीच्या कित्येक वादांत आजही उभा राहतो. अंगठ्याशेजारी ज्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, ते कुणाच्या बाजूचे होते, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. म्हणून साक्षीदाराविषयी कायदा काय सांगतो ते आम्ही इथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहोत.

साक्ष देण्याचा अधिकार कुणाला होता?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांचे नियम आहेत. द्विजांसाठी द्विज, शूद्रांसाठी शूद्र, अंत्यजांसाठी अंत्यज आणि स्त्रियांसाठी स्त्रिया अशी वाटणी त्यात केली आहे. म्हणजे डोळ्यांनी काय पाहिले यापेक्षा पाहणारा कोणत्या जातीत जन्मला याला महत्त्व होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागच्या कारणांत ही विषमताही होती हे आपण विसरू नये.

गावगाड्यातील वास्तव मात्र या नियमाला छेद देणारे होते. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष घ्यावीच लागे. शीव कुठून जाते, खूण कुठे होती, हे त्यालाच पक्के ठाऊक असे. ज्याला माणूस म्हणून बरोबरीचे स्थान नव्हते, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत होती.

आजच्या कायद्यात जात, धर्म, लिंग यांवरून साक्षीदाराची पात्रता ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम १२४ नुसार प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर देऊ शकणारी कोणतीही व्यक्ती साक्ष देण्यास पात्र आहे. अशिक्षित आजीची साक्ष आणि प्राध्यापकाची साक्ष कायद्याच्या दारात सारखीच उभी राहते. कुणावर विश्वास ठेवायचा, हे न्यायालय पुराव्यावरून ठरवते.

साक्षांकन म्हणजे नेमके काय?

झेरॉक्स प्रतीवर अधिकारी 'खरी प्रत' असा शिक्का मारतो, त्यालाही आपण साक्षांकन म्हणतो. दस्तावरील साक्षीदाराची सही ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ मध्ये तिची व्याख्या दिली आहे. त्यातील मुद्दे असे:

१) साक्षीदार किमान दोन असावेत.

२) प्रत्येक साक्षीदाराने दस्त करून देणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना प्रत्यक्ष पाहिलेले असावे. किंवा करून देणाऱ्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्यासमोर दुसऱ्याने सही केल्याचे पाहिलेले असावे. किंवा "ही सही माझीच आहे" असे करून देणाऱ्याने स्वतः त्याला सांगितलेले असावे.

३) प्रत्येक साक्षीदाराने आपली सही दस्त करून देणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी.

४) दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही.

यातला तिसरा मुद्दा सर्वांत जास्त मोडला जातो. कागद एका घरी तयार होतो, करून देणारा सही करतो, आणि मग तो कागद साक्षीदाराच्या दुकानात किंवा ऑफिसात सहीसाठी पाठवला जातो. साक्षीदार ओळखीखातर सही करतो. करून देणारा तिथे नसतो. अशी सही कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, मग साक्षीदार कितीही प्रतिष्ठित असो.

आणखी एक गोष्ट. सही साक्षीदार म्हणून करण्याच्या हेतूनेच केलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केले आहे. दस्त लिहिणाऱ्याने शेवटी आपले नाव घातले, एवढ्याने तो साक्षीदार ठरत नाही. दस्तातील पक्षकारही स्वतःच्याच दस्ताचा साक्षीदार होऊ शकत नाही.

कोणत्या कागदाला साक्षीदार लागतात?

प्रत्येक कागदाला साक्षीदार लागतोच असे नाही. नेहमी लागणाऱ्या कागदांचा विचार करू.

मृत्युपत्र: किमान दोन साक्षीदार आवश्यक. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ६३.

स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र: नोंदणी आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, कलम १२३.

गहाणखत: मुद्दल १०० रुपये किंवा अधिक असेल तर नोंदणी आणि दोन साक्षीदार आवश्यक. मालकीचे कागद ठेवून केलेल्या गहाणाचा प्रकार याला अपवाद आहे. कलम ५९.

खरेदीखत: कलम ५४ प्रमाणे नोंदणी लागते, पण साक्षांकनाची सक्ती नाही. व्यवहारात तरीही साक्षीदार घेतले जातात आणि ते घ्यावेतच.

विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालील विवाह: वधू-वर आणि तीन साक्षीदार घोषणापत्रावर सही करतात. विवाह प्रमाणपत्रावरही त्या तिघांच्या सह्या असतात. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नाला साक्षीदार मिळणे अवघड होते, तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढे यावे लागते.

धम्म विधीने झालेल्या लग्नाची महाराष्ट्रात नोंदणी करतानाही तीन साक्षीदार लागतात. लग्नाला जे प्रत्यक्ष हजर होते त्यांनाच घ्यावे. निबंधक कार्यालयाच्या दारात भेटलेल्या अनोळखी माणसाला पैसे देऊन साक्षीदार करू नये.

साक्षीदार, ओळख देणारा, जामीनदार, संमती देणारा

कागदाच्या शेवटच्या पानावर अनेक सह्या असतात. प्रत्येक सहीचे वजन वेगळे असते. फसवणूक होते ती बहुधा याच ठिकाणी.

साक्षीदार एवढेच सांगतो की अमुक व्यक्तीने माझ्यासमोर सही केली. त्याने सही केली म्हणजे दस्तातील मजकूर त्याला मान्य आहे किंवा त्याने आपला हक्क सोडला, असे आपोआप होत नाही.

ओळख देणारा दुय्यम निबंधकासमोर सांगतो की ही व्यक्ती तीच आहे, मी तिला ओळखतो. नोंदणी अधिनियम, १९०८ खालील हे काम आहे. केवळ ओळख दिली म्हणून तो दस्ताचा साक्षीदार ठरत नाही. एकच माणूस दोन्ही कामे करू शकतो, पण मग त्याने साक्षीदाराच्या सर्व अटी पूर्ण केलेल्या असाव्यात. खोटी ओळख देणे किंवा दुसऱ्याच्या नावाने उभे राहणे हा कलम ८२ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

जामीनदार कर्ज फेडण्याची हमी घेतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "फक्त साक्षीदार म्हणून सही करा" असे सांगून जामीनदाराच्या रकान्यात सही घेण्याचे प्रकार होतात. बचत गट, पतसंस्था, गाडीचे कर्ज यांच्या कागदांवर सही करताना सहीच्या वर छापलेला शब्द आधी वाचावा.

संमती देणारा किंवा हक्कसोड करणारा आपला हिस्सा सोडतो किंवा व्यवहाराला मान्यता देतो. बहिणींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्धांनाही लागू आहे आणि ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. "तू फक्त साक्षीला सही कर" असे सांगून बहिणीची सही संमती देणार किंवा हक्कसोड देणार म्हणून घेतली जात असेल, तर तो कागद वाचून तिला सांगणे हे तिथे हजर असलेल्या प्रत्येकाचे काम आहे.

पंच हा आणखी वेगळा. गुन्ह्याच्या तपासात झडती किंवा जप्ती होते तेव्हा जे समोर घडले त्याचा तो साक्षीदार असतो. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नये. अत्याचाराच्या प्रकरणात तर अशी एक सही पीडित कुटुंबाची बाजू ढासळवू शकते.

अंगठा आणि त्याची साक्ष

लिहिता न येणाऱ्याची खूण ही कायद्याच्या दृष्टीने सहीच आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मध्ये तसे म्हटले आहे. जुन्या मराठी कागदात 'निशाणी अंगठा' आणि शेजारी ज्याने नाव लिहिले त्याचा 'दस्तुर' असे. स्वतःच्या हाताने लिहिणारा 'दस्तुरखुद्द' असे लिही. या पद्धतीत शहाणपण होते: अंगठा कुणाचा आणि अक्षर कुणाचे, हे कागदच सांगत असे.

निरक्षर किंवा वृद्ध व्यक्तीच्या दस्तावर वाद झाला तर न्यायालय दोन गोष्टी पाहते. मजकूर तिला वाचून दाखवला होता का, आणि तिला तो समजला होता का. ज्याला दस्ताचा फायदा मिळतो त्याला हे सिद्ध करावे लागते. म्हणून अशा दस्ताखाली पुढील अर्थाची नोंद असावी असे आम्ही सुचवतो:

"वरील मजकूर करून देणार यांना मराठीत वाचून दाखवला व समजावून सांगितला. तो त्यांनी बरोबर असल्याचे सांगून आमच्या समक्ष डाव्या हाताचा अंगठा केला. त्यानंतर आम्ही त्यांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या."

ही नोंद खरी असेल तरच लिहावी. न वाचता 'वाचून दाखवला' असे लिहिणे म्हणजे त्या अंगठ्याचा दुसऱ्यांदा अपमान आहे.

वाद कोर्टात गेला तर

साक्षीदाराचे खरे काम कधीकधी वीस वर्षांनी सुरू होते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६७ नुसार, ज्या दस्ताला साक्षांकन सक्तीचे आहे तो शाबीत करण्यासाठी किमान एका साक्षीदाराला न्यायालयात बोलवावे लागते, जर तो जिवंत असेल आणि साक्ष देऊ शकत असेल तर. नोंदणी झालेल्या दस्ताला यातून सवलत आहे, पण समोरच्याने तो केल्याचे स्पष्टपणे नाकारले तर ही सवलत उरत नाही. आणि मृत्युपत्राला ही सवलत नाहीच. नोंदणीकृत मृत्युपत्रही साक्षीदारानेच शाबीत करावे लागते.

दोन्ही साक्षीदार वारले किंवा सापडत नसतील तर कलम ६८ आहे. निदान एका साक्षीदाराचे हस्ताक्षर आणि दस्त करून देणाऱ्याची सही ओळखणाऱ्या व्यक्तीकडून सिद्ध करता येते. साक्षीदाराने कोर्टात नाकारले किंवा "आठवत नाही" म्हटले, तर कलम ७० प्रमाणे इतर पुरावा देता येतो. सही खरी की खोटी याबाबत हस्ताक्षर तज्ज्ञाचे मत घेता येते, आणि कलम ७२ खाली न्यायालय मान्य सहीशी तुलनाही करू शकते.

तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सह्या आणि साक्षांकन खरे असल्याचे न्यायालय कलम ९२ प्रमाणे गृहीत धरू शकते. मृत्युपत्राला मात्र हे गृहीतक लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. आपल्या वाडवडिलांचे जुने कागद पत्र्याच्या पेटीत पडले असतील तर ते फेकू नका. ते कुणाकडे आणि कसे सांभाळले गेले, यालाही पुराव्यात किंमत आहे.

मृत्युपत्र: सर्वांत जास्त वाद इथेच

भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे बौद्ध व्यक्तीच्या मृत्युपत्रालाही कलम ६३ मधील दोन साक्षीदारांची अट लागू आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण दोन साक्षीदार नसतील तर सुंदर अक्षरात लिहिलेले मृत्युपत्रही निकामी ठरते. मोबाइलवर बोलून ठेवलेला व्हिडिओ हे मृत्युपत्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधून मृत्युपत्र वगळलेले आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सहीनेही ते होत नाही.

एका प्रकरणात एकाच साक्षीदाराची साक्ष झाली. दुसऱ्या साक्षीदाराने सही केल्याचे तो सांगू शकला नाही, आणि दुसरा हयात असूनही त्याला बोलावले गेले नाही. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मृत्युपत्र शाबीत झाले नाही असे ठरवले. धडा सरळ आहे. दोन्ही साक्षीदार एकत्र बसवावेत, दोघांनी एकमेकांची सही पाहावी. कायद्याची ही अट नाही, पण पुढे एकाला दुसऱ्याबद्दल सांगता येते.

मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. त्याची साक्ष केवळ तेवढ्याने बाद होत नाही, पण संशयाला जागा राहते. १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर आहे. थरथरती सही, आजारपण, नैसर्गिक वारसांना कारण न देता वगळणे, लाभ घेणाऱ्यानेच सगळी धावपळ करणे, या त्या खुणा.

साक्षीदार वयाने तरुण, ओळखीचे आणि पत्ता न बदलणारे निवडावेत. ऐंशी वर्षांच्या गृहस्थाने आपल्याच वयाच्या दोन मित्रांना साक्षीदार करणे भावनेला पटते, कोर्टात अडचणीचे ठरते.

विहाराची जागा आणि तोंडी दान

अनेक ठिकाणी विहार उभा आहे तो एखाद्या उपासकाने "घ्या, बांधा" म्हणून तोंडी दिलेल्या जागेवर. देणारा हयात असेपर्यंत प्रश्न येत नाही. त्याच्या पश्चात वारस जागा मागतात आणि समितीकडे दाखवायला फक्त उद्घाटनाची कोनशिला असते. स्थावर मालमत्तेचे दान बक्षीसपत्राची नोंदणी आणि दोन साक्षीदार यांशिवाय पूर्ण होत नाही. कलम १२२ प्रमाणे दात्याच्या हयातीतच ते स्वीकारलेलेही असावे लागते. म्हणून दाता हयात असतानाच संस्थेची नोंदणी, बक्षीसपत्र, स्वीकार आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील नोंद ही कामे पूर्ण करावीत. दात्याच्या मुला-मुलींना त्या दिवशी हजर ठेवावे. समितीचे पदाधिकारी स्वीकारणारे पक्षकार असतील तर साक्षीदार वेगळे घ्यावेत.

एक इशारा. जागा वतनाची, इनामाची किंवा भोगवटादार वर्ग २ ची असेल तर आधी सातबाऱ्यावरील शेरे वाचावेत. ज्या व्यवहाराला शासनाची परवानगी लागते, तिथे ती नसेल तर साक्षीदार दोन असोत की दहा, त्यांच्या सह्यांनी तो दोष भरून निघत नाही.

सही करण्याआधी

१) करून देणारी व्यक्ती समोर आहे का ते पाहा. नसेल तर सही करू नका.

२) तुमच्या सहीच्या वर कोणता शब्द आहे ते वाचा: साक्षीदार, जामीनदार, संमती देणार की ओळख देणार.

३) कोऱ्या, अर्धवट भरलेल्या किंवा खाडाखोड केलेल्या कागदावर सही करू नका. दुरुस्ती असेल तर तिच्याशेजारी करून देणाऱ्याची आणि साक्षीदारांची लहान सही घ्या.

४) ती व्यक्ती शुद्धीवर आहे, स्वतःच्या मर्जीने सही करते आहे, याची खात्री करा. वृद्धांशी दोन मिनिटे एकट्याने बोला.

५) सहीखाली पूर्ण नाव, वय, पत्ता आणि तारीख लिहा. मागची तारीख कधीही घालू नका.

६) आपल्या वहीत नोंद ठेवा: कोणता दस्त, कुणाचा, कुठे, कोण हजर होते. वीस वर्षांनी तीच वही तुमची आठवण असेल.

७) कोर्टाचे समन्स आले तर टाळू नका. तुम्ही साक्षीला गेला नाही तर नुकसान त्या आजीचे किंवा त्या विहाराचे होते.

खोट्या सहीचे परिणामही माहीत असावेत. मृत्युपत्र किंवा मालमत्तेचा दस्त बनावट करण्याला भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३३८ खाली दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे. न्यायालयात खोटी साक्ष देण्याला कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत.

पंचशीलातील चौथे शील आपण रोज म्हणतो. मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात खोटे बोलण्याचे उदाहरण साक्षीदाराचेच दिले आहे: सभेत बोलावून विचारले असता जे पाहिले नाही ते पाहिले म्हणणारा, आणि पाहिले ते पाहिले नाही म्हणणारा. अडीच हजार वर्षांनंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही प्रश्न तोच असतो.

ज्यांना शतकानुशतके साक्षीला उभे राहण्याच्या लायकीचे मानले गेले नाही, त्यांच्या मुला-मुलींची सही आज कायद्याने ग्राह्य आहे. युवकांनी आपल्या वस्तीत महिन्यातून एक दिवस 'कागद वाचन' ठेवावे. ज्येष्ठांचे दस्त वाचून सांगावेत, कुठे साक्षीदार नाहीत, कुठे नोंदणी राहिली आहे ते पाहावे आणि गुंतागुंत असेल तिथे वकिलाकडे पाठवावे. विहारात त्यासाठी एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरेशा आहेत.

जय भीम, नमो बुद्धाय!